कोरी प्लेट

आबा,

घरात मी तुला अरे-तुरेच करायचे, म्हणून इथेही तसंच लिहिते. इतकी वर्षं शिकल्यासवरल्या माणसांत काढल्यावर वडिलांना 'अहो' म्हणायची रीत मला कळली आहे, पण तुझ्या बाबतीत ती जिभेवर येत नाही. तुला जाऊन तीस वर्षं झाली. तू गेलास तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्या पुढे मी केव्हाच गेले. मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि आमच्या नव्या विभागप्रमुखांनी भाषण केलं. गोवा राज्य व्हायच्या आधीपासून या बाई झाडाच्या पानाकडून वीज करायला शिकत होत्या, असं ते म्हणाले. मग म्हणाले, एकदा एका विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे बाईंवर मोठं संकट आलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून आपला छापलेला शोधनिबंध मागे घेतला, असा प्रामाणिकपणा आता कुठे दिसतो? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. मी नारळ मांडीवर धरून टाळ्या थांबायची वाट पाहत राहिले. कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, आणि माझी आठवण जिथून सुरू होते तिथे तूच उभा आहेस.

तू दोडामार्गाकडच्या गावातून डिचोलीला खाणीवर आलास तो खड्ड्यातलं पाणी उपसायच्या पंपावर. खाणीचा खड्डा जसा खोल जाई तसं जमिनीतलं पाणी त्यात उतरे, आणि ते बाहेर फेकलं नाही तर खनिज निघत नसे. मी शाळा सुटली की तुझा जेवणाचा डबा घेऊन यायचे. आईने उकड्या तांदळाचा भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर दिलेली असायची, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक उंडा पाव माझ्यासाठी. तू हात धुतलेस तरी ते तांबडेच राहायचे, भातावर बोटांचे ठसे उमटायचे. पंपाच्या धडधडीत तुला माझं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तू जेवताना तो क्षणभर बंद करायचास, आणि एकदम इतकी शांतता व्हायची की कान दुखत. अशाच एका दुपारी तू समोरच्या माडाकडे बोट केलंस. "माडाक पंप नाय, डिझेल नाय. तरी नारळात पाणी भरता. कोण भरता ता?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तू हसून म्हणालास, "मगे इतकी शाळा शिकतंस ती कित्याक?" पुढे परदेशातल्या परिषदांत लोकांनी मला विचारलं, तुम्ही जीवभौतिकीकडे कशा वळलात? मी त्यांना दरवेळी काहीतरी भारदस्त सांगत आले.

तुझं अक्षर वाईट, म्हणून खड्ड्यातल्या पाण्याची पातळी वहीत लिहायचं काम तू माझ्याकडे दिलं होतंस. पाण्यात खुणा केलेला एक वासा उभा होता. खाली उतरून बघायचं, वर येऊन आकडा लिहायचा. एकदा पाऊस होता, पायवाट निसरडी झाली होती, आणि मी न उतरताच आदल्या तासावरून अंदाजाने आकडा लिहिला. तू वही पाहिलीस, माझ्या कोरड्या पायांकडे पाहिलंस, आणि स्वतः खाली गेलास. हातभराचा फरक निघाला. तू ओरडला नाहीस. भिजलेला, धापा टाकत तू वर आलास आणि म्हणालास, "पाणी खय आसा ता पाण्याक इचार. माझ्या तोंडाक बघून लिवू नको." मी रडले. तू आकडा खोडून नवा लिहायला लावलास, आणि खोडलेला तसाच दिसू दिलास.

त्याच सुमारास गावातल्या विहिरी आटायला लागल्या. खड्डा खोल गेला की आजूबाजूचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. तुला ते आधीच कळलेलं असणार. एके दिवशी विहीर आटलेली एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन आपल्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझो पंप आमची बांय पिता रे बाबा." आईने तिला घरातलं होतं ते पाणी ओतून दिलं. तू ओसरीवर बसलास, कितीतरी वेळ विडी न पेटवता हातात धरून. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा पंप सुरू केलास. दुसरं काय करणार होतास? पण मी शिष्यवृत्ती मिळून मुंबईला निघाले तेव्हा बसच्या खिडकीशी येऊन तू म्हणालास, "शिकान असा कायतरी काढ, जेच्यान कोणाची बांय सुकाची नाय." बस सुटली तरी तू खिडकीचा गज धरून चार पावलं चाललास.

मुंबईनंतर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत मी पाच वर्षं डॉक्टरेटचं काम केलं. हिरव्या पानात फार पातळ पडदे असतात, आबा. उजेड पडला की ते पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून काढतात. उजेडावर चालणारा पंपच तो. आवाज नाही, धूर नाही. पण पडदा पानातून बाहेर काढला की तासा-दोन तासांत मरतो. तो काचेवर पसरून जिवंत ठेवता आला तर उन्हात नुसती काच ठेवून वीज मिळेल, असं माझं स्वप्न होतं. जगात अनेकांचं होतं. गोव्यात विद्यापीठ निघालं आणि मी हट्टाने परत आले. पठारावर नव्या इमारती, नळाला पाणी कधी यायचं कधी नाही, आणि माझ्या प्रयोगशाळेत दोन टेबलं. माझी पहिली विद्यार्थिनी पेडण्याकडची, हळर्णच्या एका शेतकऱ्याची मुलगी. तिच्याही घरात तिच्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सकाळी पणजीच्या बाजारातून पालकाच्या जुड्या घेऊन ती यायची. पानं वाटायची, गाळायची, पडदे काचेवर पसरायची. वीज वाहून नेणारा थर असलेल्या त्या काचा आम्ही आधी भट्टीत भाजत असू. आमच्याकडे भट्टी नव्हती; शेजारच्या विभागात खनिज तपासायची एक जुनी होती, ती मी मागून घेतली. पहिल्याच दिवशी ती मुलगी भट्टीत डोकावली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या भट्टीत खनिज भाजतात. तांबडी माती लागायची नाही ना काचेला?" मी घाईत होते. म्हटलं, "पुसून घे. चालेल."

आणि आमची काच चालली. दोन तास नाही, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. उजेड टाकला की वीज मोजायच्या गॅल्व्हानोमीटरचा काटा सरकायचा. तुलना करायला आम्ही एक कोरी काच ठेवत होतो, पण ती नवी, न भाजलेली असायची. ती काहीच देत नसे, आणि मला तेवढं पुरत होतं. परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकाने आमचा निबंध छापला. मोठा प्रकल्प मंजूर झाला. एका रविवारी मी गॅल्व्हानोमीटर टॉवेलात गुंडाळून, काच डब्यात घालून बसने घरी आले. तू तोवर खाण सोडली होतीस. खोकला तुला चार पावलं चालू देत नव्हता, थुंकीतून तांबडं पडायचं, आणि डॉक्टर ते रक्त की धूळ हे नीट सांगत नव्हते. अंगणात कदेल टाकून तुला बसवलं, काच उन्हात ठेवली, तारा जोडल्या. काटा हलला. तू काचेवर तळहात धरलास, काटा खाली आला. हात काढलास, वर गेला. आई जनेलातून बघत होती. तू सात-आठ वेळा तेच केलंस, लहान मुलासारखं, मग मला विचारलंस, "पानान केल्यान?"

"पानानच, आबा."

तू डोळे पुसलेस आणि आईला म्हणालास, "हेका डिझेल लागना नाय गो." संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला तू सांगून आलास, दर चार पावलांवर भिंतीला टेकत.

मग भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद, आमच्या विभागातही कोकणीवाले एका टेबलावर आणि मराठीवाले दुसऱ्या टेबलावर चहा पिऊ लागले. मला दोन्हीकडून विचारायचे, तू कुठली? त्या दिवसांत एका सकाळी ऑफिसात फोन आला, शेजारच्या दुकानदाराने केलेला. तुला श्वास लागला होता, तू माझं नाव घेत होतास, ताबडतोब निघ म्हणाला. रस्ते बंद होते हे खरं. पण ते सकाळपुरतंच खरं होतं. अकराच्या सुमारास ऑफिसातले कारकून मुद्दाम प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, म्हापशापर्यंत रस्ता मोकळा झालाय, माझा भाऊ मोटारसायकलने तुम्हाला थेट डिचोलीला सोडेल. माझी काच चौथ्या दिवसात होती. दर तासाला आकडा घ्यायचा होता. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही जा, मी घेते आकडे." मी म्हटलं, उद्या सकाळी निघते. मला वाटलं, पाचवा दिवस गाठला की तुला येऊन सांगेन, आणि ते ऐकून तुला बरं वाटेल. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं असं, की मला तुझ्याकडे यायची भीती वाटत होती आणि काट्याकडे बघताना ती वाटत नव्हती. तू दुपारी तीनला गेलास. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तुला तिरडीवर बांधून ठेवलं होतं. मी आईला सांगितलं, रस्ते बंद होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आई माझ्या बाजूने सांगत राहिली, "रस्तोच बंद, चेडू काय करतला?" ती शेवटपर्यंत तेच सांगत होती.

गोवा राज्य झालं, फटाके वाजले, पुढचं वर्ष निघून गेलं. मग एका दुपारी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, ही प्लेट कोरी आहे. मी पान लावायचं विसरले. तरी काटा गेला."

आठ दिवसांत सगळं उघड झालं. पान लावलेलं असो वा नसो, त्या भट्टीतून निघालेली प्रत्येक काच उजेडात वीज देत होती, आणि दुसऱ्या भट्टीत भाजलेली देत नव्हती. भट्टीतली खनिजाची बारीक माती काचेवर बसून भाजली जात होती. वीज ती देत होती. आमच्या पानाचे पडदे नेहमीप्रमाणे दोन तासांत मरत होते आणि आम्ही चार-चार दिवस मातीचा काटा मोजत होतो. अंगणात तुला दाखवलं ते पानाने केलेलं नव्हतं, आबा. तुझ्या छातीत बसलेल्या धुळीनेच ते केलं होतं. आणि त्याच खोट्या काट्याशेजारी बसून मी तुझा शेवटचा दिवस घालवला. मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून ओरडले. बाहेर ती मुलगी दार ठोठावत होती.

नंतर ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे ही मातीच उजेडावर वीज देते? मग तेच बघूया का आपण?" तिचे डोळे तेव्हा चमकले होते, मला स्पष्ट आठवतं. मी म्हटलं, "ते आपलं काम नाही. घाण आहे ती." आणि सगळ्या काचा तिलाच कचऱ्यात टाकायला लावल्या.

निबंध मागे घेण्याचं पत्र मी लिहिलं. त्यात एक वाक्य घातलं: प्लेटा माझ्या संशोधक विद्यार्थिनीने तयार केल्या होत्या, आणि भट्टीतील दूषित मातीकडे तिचे लक्ष गेले नाही. पहिला अर्धा भाग खरा होता. प्रकल्प जाईल, नोकरीवर बालंट येईल, एकट्या बाईला हे लोक उभं राहू देणार नाहीत, असं सगळं माझ्या डोक्यात गरगरत होतं. पत्राची प्रत फाइलला लावायला तिच्याच हातात गेली. तिने ती उभ्याने वाचली. मग शांतपणे म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, मॅडम. पहिल्याच दिवशी."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

मला आठवत होतं. ती कुठे उभी होती, तिच्या हातात कुठल्या रंगाचा फडका होता, तेही.

तिचं नाव विद्यापीठाच्या समितीपुढे गेलं, तिचं काम अपुरं ठरलं. तिने कोणाकडे तक्रार केली नाही. तिचे वडील एकदा हळर्णहून आले होते, धोतराचा सोगा हातात धरून माझ्या दाराबाहेर बसले. मुलीचं काही चुकलं असेल तर पोटात घाला, एवढंच म्हणाले. मी त्यांना चहा मागवला. ती डॉक्टरेट सोडून पेडण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला गेली. मी राहिले. माझ्याविषयी लोक आदराने बोलू लागले, चूक कबूल करणारी बाई म्हणून. पुढची सारी वर्षं मी तो पडदा जिवंत ठेवायचा प्रयत्न केला. पालक, शेवाळ, जिवाणू, काय काय करून पाहिलं. काही तासांपलीकडे माझी एकही काच गेली नाही. आणि मधल्या काळात जगात दुसरीकडे माणसं लोखंडाच्या तांबड्या गंजावर ऊन पाडून पाण्यातून इंधन काढायच्या मागे लागली. मोठमोठ्या प्रयोगशाळा त्यावर उभ्या राहिल्या. आम्ही तिथे सगळ्यांच्या आधी पोचलो असतो असं मी म्हणत नाही. पण ती मुलगी दाराशी उभी राहून आत जाऊया का विचारत होती, आणि दार मी लावलं.

तू विचारशील, मग आता काय करतलंस? मलाही तेच कळत नाही. मला स्वतःची इतकी शिसारी येते की सकाळी आरशासमोर वेणी घालताना मी खाली बघते. आई गेली, तिला काही सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात मी धीर करून पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये बसले. ती आता त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. मी फाटकाशी पोचले तेव्हा मधली सुट्टी होती. ती व्हरांड्यात उभी होती, केस पांढरे झालेले, एका मुलीच्या वहीत काहीतरी दाखवत, आणि ती पोर मान हलवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शिपाई फाटकाशी आला आणि त्याने विचारलं, "कोण जाय, बाय?" माझ्या तोंडून निघालं, चुकून उतरले, मला हळर्णचा किल्ला बघायचा होता. त्या भल्या माणसाने रिक्षा थांबवून दिली. मी खरोखरच किल्ल्यावर गेले, आबा. पडक्या तटावर झुडपं माजली आहेत, खाली नदी आहे. तासभर तिथे बसले आणि परतीच्या बसने घरी आले.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, फोन नंबरही आहे. तुला लिहिलं, कारण तू उत्तर देणार नाहीस.